कुत्र्याची फीट आणि रोजची गोळी: पहिल्या झटक्यापासून पुढच्या अनेक वर्षांपर्यंत

बंडूला पहिली फीट आली तेव्हा पहाटेचे पावणेपाच वाजले होते. तीन वर्षांचा, तीस किलोचा लॅब्रॅडॉर. आदल्या संध्याकाळी तासभर बॉलमागे धावलेला. खाटेशेजारी काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून दिवा लावला, तर तो कुशीवर पडून चारही पाय झाडत होता. जबडा कडकड वाजत होता, तोंडाला फेस आला होता, खाली लघवी झाली होती. मी हाका मारत राहिले. त्याला काहीच ऐकू जात नव्हतं, कारण तो शुद्धीवर नव्हता. दीड-दोन मिनिटांत झटके थांबले. मला मात्र अर्धा तास गेल्यासारखं वाटलं.

आता त्याला चार वर्षं झाली आणि बंडू रोज गोळी घेतो. ज्यांना नुकतंच डॉक्टरांनी ‘औषध बहुधा कायमचं लागेल’ असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी पशुवैद्य नाही. पुढे जे डोसचे आकडे येतील ते आपल्या कुत्र्याचा कागद वाचता यावा म्हणून आहेत. डोस ठरवायचा तो डॉक्टरांनीच.

फीट चालू असताना

सगळ्यात आधी घड्याळ बघा. हे ऐकायला कोरडं वाटतं, पण पुढचे सगळे निर्णय त्या मिनिटांवर ठरतात. मग आजूबाजूचं फर्निचर सरकवा, डोक्याखाली चादर किंवा टॉवेल सरकवा, जिना किंवा गॅलरी जवळ असेल तर मध्ये उशा लावा. टीव्ही बंद, दिवा मंद, पंखा चालू. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत न्या, कारण झटके येणाऱ्या कुत्र्यावर घरातलाच जोडीदार कधीकधी तुटून पडतो.

तोंडात हात घालू नका, चमचा घालू नका. कुत्रा जीभ गिळत नाही, पण त्या अवस्थेत जबडा मिटला तर तुमचं बोट जाऊ शकतं. आमच्या शेजारचे काका दुसऱ्या फीटच्या वेळी मायेने कांदा फोडून घेऊन आले होते. चप्पल हुंगवा असंही कुणीतरी सुचवलं. फीट बहुतेक वेळा दोन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून कांद्याला किंवा चपलेला श्रेय मिळतं. त्यात कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. तेव्हा हे टाळाच. धरून दाबून ठेवल्यानेही झटके थांबत नाहीत.

घरात आणखी कुणी असेल तर त्याला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. पूर्ण शरीर दिसेल असा, आणि थांबल्यानंतरचंही मिनिटभर. दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो, आणि आपण घाबरून केलेल्या वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्या चित्रफितीतून कितीतरी जास्त कळतं.

पाच मिनिटं झाली आणि फीट थांबली नाही, तर वाट बघायची नाही. लगेच दवाखाना. एक फीट संपून शुद्धीवर येण्याआधी दुसरी सुरू झाली तरी तेच. चोवीस तासांत दोन किंवा अधिक फीट आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, मग कुत्रा मध्ये नीट वागत असला तरीही. स्नायू सतत आखडत राहिले की अंगाचं तापमान भराभर चढतं. निरोगी कुत्र्याचं ते साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. लांबलेल्या फीटमध्ये ते १०५ च्याही वर जाऊ शकतं, आणि तेवढा ताप मेंदूलाही इजा करतो. नेताना पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओलं करा, गाडीत हवा खेळती ठेवा. बर्फ लावू नका.

थांबल्यानंतरचा काळ वेगळाच असतो. कुत्रा धडपडतो, भिंतीवर आपटतो, आंधळ्यासारखा गोल फिरतो, ओळख देत नाही, कधी गुरगुरतो. कुणाला हे दहा मिनिटं होतं, कुणाला दिवसभर. पूर्ण भानावर येईपर्यंत पाणी किंवा खाणं तोंडाशी नेऊ नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला असे झटके येताना दिसले तर हात लावू नका. रेबीजमध्येही झटके येतात. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच लस घ्या.

आधी कारण शोधायचं

फीट हे लक्षण आहे, आजार वेगवेगळे असतात. वय हा पहिला धागा. सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिली फीट आली, दोन फीटच्या मधल्या काळात कुत्रा अगदी सर्वसाधारण असला आणि रक्त-लघवीच्या तपासण्यांत काही सापडलं नाही, तर डॉक्टर बहुधा ‘इडिओपॅथिक एपिलेप्सी’ म्हणतात, म्हणजे दुसरं कारण न सापडणारा, बहुतेकदा आनुवंशिक कल असलेला अपस्मार. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, बीगल यांच्यात तो बऱ्यापैकी दिसतो. अशा कुत्र्याची पिल्लं घेऊ नयेत. मादीला माजाच्या आसपास फीट येत असतील तर नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला.

लस न झालेलं पिल्लू असेल तर आपल्याकडे डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराचा विचार आधी करावा लागतो. च्युइंगम चघळल्यासारखा जबडा हलणं ही त्याची ओळखीची खूण. लहान पिल्लात साखर उतरणं, पिल्लं पाजणाऱ्या मादीत कॅल्शियम घटणं, यकृताचा बिघाड, पोटात गेलेलं उंदराचं किंवा शेतातल्या फवारणीचं औषध, चॉकलेट, हीही कारणं असू शकतात. सात-आठ वर्षांच्या पुढे पहिल्यांदाच फीट आली तर मेंदूत गाठ आहे का हे बघावं लागतं, त्यासाठी एमआरआय लागतो. ही सोय मोठ्या शहरांतच आहे. सगळ्याच तरुण कुत्र्यांना ती लागते असं नाही, आपल्याला लागेल का हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

बेशुद्ध पडणं आणि फीट यांतही गल्लत होते. हृदयाच्या त्रासाने पडणारा कुत्रा बहुधा धावताना किंवा खोकताना पडतो, अंग लुळं पडतं आणि तो काही सेकंदांत उठून नेहमीसारखा होतो. फीट बऱ्याचदा झोपेत किंवा आरामात असताना येते आणि नंतरचा गोंधळ मागे ठेवते. इथेही व्हिडिओच कामाला येतो.

गोळी कधी सुरू करायची

एकाच फीटवर सहसा आयुष्यभराचं औषध सुरू करत नाहीत. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक फीट, पाच मिनिटांपेक्षा लांबलेली फीट, चोवीस तासांतला फीटचा सपाटा, किंवा फीटनंतरचा फार वाईट काळ, यातलं काही असेल तर औषध सुरू करण्याकडे जगभरच्या पशुवैद्यकांचा कल आहे. आमच्या बंडूला पहिल्या फीटनंतर सात आठवड्यांनी एका रात्रीत दोन आल्या, तेव्हा प्रश्नच उरला नाही.

गोळी सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, नाहीतर पुढे निराशा येते. औषधाने आजार बरा होत नाही. फीट कमी वेळा, कमी जोरात आणि कमी वेळ यावी हा हेतू असतो. काही कुत्र्यांची फीट पूर्ण थांबते. बाकीच्यांत निम्म्याने कमी झाली तरी डॉक्टर त्याला यश म्हणतात, आणि चार वर्षांनंतर मीही म्हणते.

टाकी आणि नळ

सुरुवातीचं औषध बहुतेक वेळा फिनोबार्बिटोन असतं. माणसांच्या अपस्मारावर ते १९१२ साली पहिल्यांदा वापरलं गेलं आणि कुत्र्यांत आजही ते पहिल्या फळीतलं आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, नव्याने औषध सुरू केलेल्या कुत्र्यांपैकी फिनोबार्बिटोनवरच्या ८५ टक्के आणि ब्रोमाइड या दुसऱ्या औषधावरच्या ५२ टक्के कुत्र्यांची फीट थांबली होती. आपल्याकडे ते माणसांच्याच मेडिकलमध्ये मिळतं, गार्डेनाल हे त्यातलं ओळखीचं नाव. ३० आणि ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या येतात.

सुरुवातीचा डोस साधारण दर किलो वजनाला अडीच ते तीन मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. बंडूचं वजन तीस किलो, म्हणून सकाळी ७५ आणि संध्याकाळी ७५: एक साठची आणि अर्धी तीसची.

हे औषध कसं काम करतं ते मला आमच्या डॉक्टरांनी गच्चीवरच्या टाकीच्या उदाहरणाने सांगितलं. टाकीत सकाळ-संध्याकाळ पाणी येतं आणि नळातून ते सतत गळत असतं. पहिल्या दिवशी टाकी रिकामी असते, त्यामुळे पहिल्या गोळीने फीट थांबेल ही अपेक्षा चुकीची. येणारं आणि जाणारं पाणी सारखं होऊन पातळी स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. फीट अडवते ती ही पातळी. दोन दिवस पाणी आलं नाही तर टाकी उतरणार, आणि एकदम दोनदा सोडलं तर ती वाहणार. बारा तासांचा हट्ट यासाठी.

दुसरी गोष्ट अशी की या औषधामुळे यकृत हेच औषध लवकर निकालात काढायला शिकतं. म्हणजे काही आठवडे-महिन्यांत नळ मोठा होतो. डोस तोच असून पातळी खाली येते आणि आपल्याला वाटतं, औषधाची सवय झाली. म्हणून रक्त तपासायचं, अंदाजाने डोस वाढवायचा नाही.

पहिले दोन-तीन आठवडे

कुत्रा झिंगल्यासारखा वागेल. मागचे पाय लटपटतील, दिवसभर झोपेल, काही कुत्रे उलट बेचैन होतात. बंडू तिसऱ्या दिवशी जिन्यात बसून राहिला आणि खाली उतरेना, तेव्हा मी गोळी बंद करायच्या विचारात होते. बहुतेकांचं हे दोन आठवड्यांत निवळतं. तेवढे दिवस जिना, उंच पलंग, गुळगुळीत फरशी यांपासून जपा.

तहान, लघवी आणि भूक मात्र वाढलेलीच राहतात. पाणी कधीही तोडू नका. त्याऐवजी रात्री झोपण्याआधी आणि पहाटे एक फेरी वाढवा. भुकेच्या बाबतीत मन घट्ट करावं लागतं. आमच्या घरात सगळ्यांनाच त्याच्या डोळ्यांची दया यायची आणि सहा महिन्यांत त्याचं वजन चार किलो वाढलं. मोजून खाणं, खाऊच्या जागी काकडी, गाजर, उकडलेला दुधी, आणि महिन्यातून एकदा वजन. वजन बदललं की डोसाचं गणितही बदलतं.

काही गोष्टी किरकोळ समजू नका: गोळीवरच्या कुत्र्याने खाणं सोडणं, डोळे किंवा हिरड्या पिवळट दिसणं, पोट फुगणं, वारंवार उलटी, हिरड्यांवर किंवा पोटावर लाल-जांभळे ठिपके, पंजांच्या गाद्यांवर खपल्या-जखमा, न उतरणारा ताप. हे औषध भूक वाढवतं, म्हणून जेवण नाकारणारा फिनोबार्बिटोनवरचा कुत्रा मला नेहमी काळजीत टाकतो. क्वचित या औषधाने रक्तपेशी घटतात, आणि ते बहुधा पहिल्या सहा महिन्यांत होतं.

रक्ताचे कागद वाचताना

पहिली पातळी दोन आठवड्यांनी, मग दीड आणि तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी, शिवाय डोस बदलल्यावर दोन आठवड्यांनी. तपासणीचं नाव सीरम फिनोबार्बिटोन. आमच्याकडे नमुना माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातो. तिथे दोन अडचणी येतात. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा माणसांची असते. कुत्र्यांत डॉक्टर साधारण १५ ते ३५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही चौकट धरतात आणि बऱ्याच जणांचं लक्ष्य २५ ते ३० असतं. ३५ च्या वर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. दुसरं म्हणजे जेल असलेल्या नळीत औषधाचा काही अंश शोषला जाऊन आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून साधी, बिनजेलची नळी मागा. आणि दर वेळी गोळीनंतर तितक्याच तासांनी रक्त द्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांची तुलना होते.

यकृताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं दिसेल. ते या औषधाने वाढतंच, एकट्या त्या आकड्याने घाबरू नका. एसजीपीटी फार चढलं, अल्ब्युमिन उतरलं किंवा बाइल अ‍ॅसिडची तपासणी बिघडली, तर ती खरी काळजी. थायरॉइडचा टी-४ ही या गोळीने खोटा कमी दिसतो, त्यावरून लगेच थायरॉइडची गोळी सुरू होऊ नये.

वही, डबी, गजर

औषध चालवणं म्हणजे खरं तर हेच. आम्ही सकाळी सात आणि संध्याकाळी सात धरलंय. सात दिवसांचे खण असलेली डबी, मोबाइलवर दोन गजर, आणि फ्रिजवर तक्ता. ज्याने गोळी दिली त्याने तिथेच आद्याक्षर लिहायचं. ‘मला वाटलं तू दिलीस’ आणि ‘मीपण दिली’, हे दोन्ही आमच्याकडे झालंय. गोळी पोळीच्या तुकड्यात, पनीरमध्ये किंवा उकडलेल्या अंड्यात दडवा, आणि ती गिळल्याचं बघा. बंडू कधीकधी पनीर खाऊन गोळी सोफ्यामागे टाकतो. डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

एक वेळ चुकली तर लक्षात आल्याबरोबर द्या आणि पुढची नेहमीच्या वेळेला. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर डॉक्टरांना फोन करा. दोन्ही मिळून एकदम द्यायच्या नाहीत. दिल्यावर लगेच उलटी झाली आणि त्यात गोळी दिसली, तरी फोन करूनच पुन्हा द्या.

अचानक बंद करणं हे सगळ्यात धोक्याचं. शरीराला या औषधाची सवय लागलेली असते. ते एकदम गेलं की थांबवायला कठीण अशा फीट येऊ शकतात. दुसऱ्या वर्षी बहिणीच्या लग्नात आमचा साठा संपला, दुकानात माल नव्हता, आणि दीड दिवस गेला. तिसऱ्या रात्री बंडूला तीन फीट आल्या. तेव्हापासून पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नव्या आणायच्या, हा नियम. हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून चिठ्ठीवर कुत्र्याचं वजन, डोस, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत.

वहीत प्रत्येक फीटची तारीख, वेळ, मिनिटं, कशी सुरू झाली, नंतर किती वेळ गोंधळ राहिला, आणि त्या दिवशी वेगळं काय घडलं ते लिहा. सहा महिन्यांनी डॉक्टर विचारतात, ‘कमी झाल्या का?’ आणि आठवणीवर उत्तर दिलं तर शेवटची फीटच मोठी वाटते.

दुसरं औषध लागलं तर

पातळी योग्य असूनही फीट येत राहिल्या तर दुसरं औषध जोडतात. पोटॅशियम ब्रोमाइडची टाकी प्रचंड आणि नळ बारीक. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण २४ दिवस लागतात, म्हणून पातळी स्थिर व्हायला तीन महिने. ते यकृतावर भार टाकत नाही, मूत्रपिंडातून जातं, आणि तिथे मिठाशी त्याची स्पर्धा असते. खाण्यात मीठ वाढलं की ब्रोमाइड लवकर वाहून जातं आणि फीट परतते. मीठ एकदम तोडलं तर पातळी चढून कुत्रा झिंगतो. म्हणून मीठ रोज सारखं. पापड, फरसाण नको. कोकणात घर असेल तर सुके बोंबील, खारी मासळी आणि किनाऱ्यावर समुद्राचं पाणी पिणं, यांवर नजर ठेवा. हे औषध खाण्याबरोबरच द्यावं. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असल्याने तूप-तळण बंद. आणि घरात मांजर असेल तर तिला हे औषध कधीही नाही.

लेव्हेटिरॅसेटाम हे जोडायचं आणखी एक औषध, म्हणजे भोक असलेली बादली. काही तासांत रिकामी होते, म्हणून साधी गोळी दर आठ तासांनी. फिनोबार्बिटोन सोबत असेल तर ती आणखी लवकर रिकामी होते. जास्त वेळ काम करणारी गोळी मिळते, पण ती तोडायची किंवा कुटायची नाही. माणसांसाठीचं कुठलंही पातळ औषध देण्याआधी घटकांत झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) नाही ना ते वाचा. ते कुत्र्याला विष आहे.

घरात ठेवायचं तातडीचं औषध

ज्यांच्या कुत्र्याला लांब किंवा लागोपाठ फीट येतात, त्यांनी डॉक्टरांकडून हे मागूनच घ्यावं. पूर्वी गुदमार्गातून डायझेपाम हे फीट थांबवणारं औषध देत. २०१७ च्या एका तुलनेत नाकात मारलेल्या मिडाझोलामने ७० टक्के कुत्र्यांची फीट थांबली, गुदमार्गातल्या डायझेपामने २० टक्के. आपल्याकडे मिडाझोलामचा नाकातला स्प्रे माणसांसाठी मिळतो. तुमच्या कुत्र्याच्या वजनाला किती वेळा मारायचा, कितव्या मिनिटाला आणि दुसऱ्यांदा मारायचा की नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन बाटलीवरच चिकटवा. डायझेपाम प्लास्टिक सिरिंजमध्ये भरून ठेवू नका, ते प्लास्टिकला चिकटतं आणि ताकद कमी होते.

इतर औषधं, सण आणि पाहुणे

प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिलं वाक्य: ‘याला फीटची गोळी चालू आहे.’ गोचीड-पिसवांसाठी महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या ज्या गोळ्या आता घराघरांत आहेत, ब्रॅव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पॅरिका, त्यांच्या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१८ साली फीटचा इशारा दिलाय. दुसरा पर्याय विचारा. पण गोचीड-उपाय सोडूनही देऊ नका, गोचीड तापही वाईटच. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक फीट येणाऱ्या कुत्र्यात जपून वापरतात. जुलाबाला सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल जास्त झालं तर मेंदूवर परिणाम करतं.

गणपतीतले ढोल आणि दिवाळीचे फटाके बंडूला बाधतात, वहीतून ते स्पष्ट दिसलं. त्या दिवसांत फिरणं दुपारी, संध्याकाळी आतली खोली, पंखा आणि रेडिओ चालू, आणि गोळीची वेळ काटेकोर. पाहुण्यांना आधीच सांगायचं: पुरणपोळी, करंजी, चकली काहीही द्यायचं नाही.

कमी कधी करायची

एक-दोन वर्षं फीट आलीच नाही तर डॉक्टर डोस उतरवण्याचा विचार करू शकतात. तेही महिन्याला जास्तीत जास्त वीस टक्के असं, हळूहळू. मध्येच फीट परतली तर पुन्हा वर जावं लागतं, आणि क्वचित पूर्वीइतकं नियंत्रण परत मिळत नाही.

बंडूला आता सतरा महिने फीट आलेली नाही. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, उतरवून बघायचं का? पातळी २६, यकृत ठीक, वजन एकतीस किलो. आम्ही घरी वही उघडून बसलो आणि ठरवलं, दिवाळी होऊन जाऊ दे, जानेवारीत पुन्हा रक्त तपासू, मग बघू. तोपर्यंत सकाळी सात, संध्याकाळी सात.